मार्सिनेलच्या खाणींतील दोनशें बासष्ट

आपल्या मंदिराच्या शताब्दिमहोत्सवानिमित्त निघणाऱ्या या स्मरणिकेंत धर्मग्रामाच्या प्रमुख धर्मगुरूनें इतिहासविषयक एखादा लेख लिहावा, असा स्मरणिका-मंडळाचा आग्रह पडला. मंदिराचा पाया कोणी घातला, घंटाघर केव्हां उभें राहिलें, कोणकोणते धर्मगुरु येथें सेवा करून गेले, हा सर्व वृत्तांत इतर पानांवर माझ्याहून जाणत्या मंडळींनीं दिलेला आहे. मीं त्यांच्या अनुमतीनें निराळाच विषय घेतला आहे. तो दूर देशचा आहे, कोळशाच्या खाणीचा आहे, आणि त्यांत आपल्या गांवचा एकहि माणूस नाहीं. तरीहि तो येथें कां घेतला, हें प्रथम सांगितलें पाहिजे.

महोत्सवाच्या तयारींत मृतांच्या जुन्या नोंदवह्या मीं पहिल्या पानापासून वाचून काढल्या. नोंदीची रीत ठरलेली आहे: मृताचें नांव, बापाचें नांव, वय, शेवटचे संस्कार मिळाले कीं नाहीं, आणि अखेरीस कोठें पुरलें. ह्या अखेरच्या रकान्यांत बहुधा आपल्याच दफनभूमीचा उल्लेख असतो. परंतु मधूनमधून एखादी नोंद अशी येते कीं, तो रकाना रिकामा आहे. किंवा "जहाजावर", "परदेशीं", "प्रेत मिळालें नाहीं", एवढेंच लिहिलेलें आहे. एके ठिकाणीं तर पूर्वींच्या एका धर्मगुरूंनीं पेन्सिलीनें प्रश्नचिन्ह काढून ठेविलें आहे आणि पुढें कोणी तें पुसलेलें नाहीं. तें प्रश्नचिन्ह पाहून मीं वही मिटली. पोटासाठीं परमुलुखास गेलेला माणूस तेथेंच मेला, तर त्याचें नांव कोणाच्या वहींत राहतें? हा प्रश्न मनांत घोळत असतां मार्सिनेलची हकीकत पुनःपुन्हां आठवूं लागली. कारण तेथें ह्याच प्रश्नासाठीं लोक साठसत्तर वर्षें झगडले आहेत.

बेल्जियम हा युरोपांतील एक लहानसा देश. परंतु भारतांतील ख्रिस्तसभेवर त्याचे उपकार मोठे आहेत. छोटा नागपूरच्या आदिवासींमध्यें झिजलेले फादर कॉन्स्टंट लीव्हन्स हे तेथीलच. हिंदी भाषेची आमरण सेवा करणारे व तिचा कोश रचणारे फादर कामिल बुल्के हेहि तेथीलच. आणि मोलोकाई बेटावर कुष्ठरोग्यांची सेवा करतां करतां त्याच रोगानें देह ठेवणारे संत डामियन यांची जन्मभूमीहि तीच. ह्या देशाच्या दक्षिण भागांत, शार्लरॉय शहराच्या भोंवतीं, भूमीच्या पोटांत कोळशाचे थर होते. मार्सिनेल हें त्या शहरास लागून असलेलें गांव, आणि बुआ द्यु काझिये हें तेथील एका खाणीचें नांव.

दुसरें महायुद्ध १९४५ सालीं संपलें तेव्हां बेल्जियमचे कारखाने पुन्हां सुरू करावयाचे होते व त्यांस कोळसा हवा होता. परंतु ज्यांस दुसरें काम मिळण्याजोगें होतें असे तेथील लोक खाणींत उतरावयास राजी नव्हते. पंतप्रधान आशिल व्हान आकर यांनीं "कोळशाची लढाई" पुकारली. कांहीं काळ जर्मन युद्धकैद्यांस खाणींत राबविलें गेलें. पण त्यांस फार दिवस अडकवून ठेवतां येणार नाहीं हें उघड होतें. इकडे इटलीची स्थिति नेमकी उलट: हात होते, काम नव्हतें; कारखाने होते, कोळसा नव्हता. तेव्हां ता. २३ जून १९४६ रोजीं रोम येथें दोन्ही सरकारांत करार झाला. इटलीनें पन्नास हजार मजूर, दर आठवड्यास दोन हजार याप्रमाणें, पाठवावे. आणि बेल्जियमनें त्या प्रमाणांत इटलीस कोळसा विकावा. दर माणसामागें दररोज दोनशें किलो, असा ह्या कराराचा हिशेब लोकांच्या तोंडीं राहिला आहे.

करार करणारे दुष्ट होते असें मी म्हणत नाहीं. दोन्ही देश उपाशी होते, आणि दोघांनींहि जें जवळ होतें तें पुढें केलें. परंतु ज्या कागदावर एका बाजूस माणसांची संख्या आणि दुसऱ्या बाजूस कोळशाचें वजन मांडलेलें असतें, त्या कागदावर नांवें नसतात, आणि हें फार धोक्याचें असतें.

इटलीच्या खेड्यापाड्यांतून गुलाबी रंगाच्या जाहिराती भिंतींवर चिकटविल्या गेल्या. त्यांत चांगली मजुरी, कुटुंबासाठीं भत्ता, भरपगारी रजा, सर्व कांहीं होतें. कामाच्या धोक्याविषयीं मात्र जवळजवळ कांहींच नव्हतें. तरुण मुलें मिलान शहरीं जमत. तेथें वैद्यकीय तपासणी होई, आणि मग आगगाडीचा लांबचा प्रवास. बेल्जियमला उतरल्यावर त्यांस राहावयास ज्या जागा मिळाल्या, त्यांतील पुष्कळशा नुकत्याच युद्धकैद्यांच्या छावण्या होत्या: पत्र्याच्या अर्धगोल झोंपड्या, उन्हाळ्यांत भट्टीसारख्या तापणाऱ्या, हिवाळ्यांत गारठ्यानें गोठणाऱ्या. करार निदान वर्षाचा असे. पहिल्याच दिवशीं खालीं उतरून जो भ्याला व पुन्हां उतरणार नाहीं म्हणाला, त्याची पाठवणी परत इटलीस होई. तरीहि लोक येतच राहिले. दहा वर्षांत लाखाहून अधिक आले. पुढें बायका आल्या, मुलें झालीं, झोंपड्यांच्या दारांशीं भाजीचे वाफे लागले. शेंकडों इटालियन त्या दहा वर्षांत निरनिराळ्या खाणींत मेलेहि. परंतु एकेक, दोनदोन असे मेले, म्हणून जगाला त्याची वार्ता लागली नाहीं.

ह्या मजुरांपैकीं पुष्कळ आब्रुत्सो ह्या डोंगराळ प्रांतांतील होते. त्या प्रांतांत मानोप्पेल्लो नांवाचें एक गांव आहे. तेथील कापुचिन मठाच्या मंदिरांत एक अत्यंत तलम वस्त्र जपून ठेविलेलें असून, त्यावर प्रभूच्या मुखाची प्रतिमा आहे अशी भाविकांची श्रद्धा आहे. परमगुरु पोप सोळावे बेनेडिक्ट हे ता. १ सप्टेंबर २००६ रोजीं तेथें यात्रेस जाऊन आले. ह्या एका गांवचीं वीसहून अधिक माणसें मार्सिनेलच्या खाणींत एकाच दिवशीं गेलीं. ज्या गांवीं एक मुखदर्शन घेण्यासाठीं लोक दुरून येतात, त्याच गांवच्या कित्येक घरांस आपल्या माणसाचें शेवटचें मुखदर्शन घडलें नाहीं.

आतां त्या दिवसाची हकीकत. ता. ८ ऑगस्ट १९५६, बुधवार. सकाळच्या पाळीस २७५ माणसें खालीं उतरलीं होतीं. खाणींत उतरावयाचें म्हणजे उभ्या विहिरींतून दोरखंडाला टांगलेल्या लोखंडी पिंजऱ्यांत उभें राहून खालीं जावयाचें; मग आडव्या बोगद्यांतून कोळशाच्या थरापर्यंत चालत, पुढें पुढें तर रांगत, पोंचावयाचें. बुआ द्यु काझियेंतील एक मजला ९७५ मीटर खोल होता आणि त्याच्याहि खालीं १०३५ मीटरांवर दुसरा होता. माथेरानचें पठार समुद्रापासून जेवढें उंच आहे, त्याहूनहि हें खोल. एका विहिरीनें स्वच्छ हवा आंत खेंचली जाई, दुसरीनें दूषित हवा बाहेर पडे. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी.

सकाळीं आठ वाजून दहा मिनिटांनीं, ९७५ मीटरांच्या मजल्यावर, पिंजऱ्यांत कोळशाचा भरलेला डबा ढकलण्याचें नेहमींचें काम चाललें होतें. भरलेला डबा आंत जातांना रिकामा डबा दुसऱ्या बाजूनें बाहेर पडावयाचा. तो पुरता बाहेर पडला नाहीं, अडकला. इतक्यांत वरच्या आणि खालच्या माणसांत इशाऱ्याचा कांहीं घोटाळा झाला, आणि डबे बाहेर डोकावत असतांनाच पिंजरा वर निघाला. त्यानें एका तुळईस धडक दिली. त्या धडकेनें दाबाखालच्या तेलाचा नळ फुटला, विजेच्या जाड तारा तुटल्या, टेलिफोनची तार तुटली, आणि दाबलेल्या हवेचा नळहि फुटला. तेल, ठिणगी आणि हवा, तिन्ही एकाच ठिकाणीं! आग लागावयास आणखी काय हवें? विहिरींत लांकूडकामहि पुष्कळ होतें. त्यांतून ही विहीर स्वच्छ हवा आंत नेणारी. म्हणून जी हवा माणसांस जगविण्यासाठीं खालीं जात होती, तीच आतां धूर आणि विषारी वायु घेऊन प्रत्येक बोगद्यांत शिरली. आगीनें फारच थोडे मेले. बाकीचे त्या वायूनें गुदमरून मेले.

मी यंत्रशास्त्रज्ञ नाहीं. परंतु चौकशीची हकीकत वाचल्यावर मला जें सर्वांत अधिक खुपतें तें हें कीं, यांतील एकहि गोष्ट अज्ञात नव्हती. तेल, वीज आणि दाबलेली हवा एकाच विहिरींत जवळजवळ ठेवूं नयेत, हें कोणाहि कारागिरास समजतें. लांकडी दारें धूर अडवीत नाहींत, हें मुलांसहि समजतें. नवी तिसरी विहीर खणण्याचें काम चालू होतें. ती जुन्या बोगद्यांस अद्याप जोडलेली नव्हती. खाण जुनी झाली होती, आणि जुन्या खाणीवर पैसा घालावा कीं नाहीं ह्या विचारांत वर्षें चाललीं होतीं. विचार करणारे वर होते; वाट पाहणारे खालीं होते.

पहिल्या घटकांत जे वर येऊं शकले व जे बाहेर काढतां आले, ते मिळून तेराजण वांचले. धुराचा काळा स्तंभ गांवावर उभा राहिलेला पाहून बायकामुलें खाणीच्या लोखंडी फाटकाकडे धांवलीं. फाटक बंद होतें. गज धरून त्या बायका उभ्या राहिल्या, आणि दिवसामागून दिवस उभ्याच राहिल्या. त्यांचीं छायाचित्रें सर्व जगांत गेलीं. बेल्जियमचे राजे बोदुआँ तेथें येऊन गेले. शेजारच्या देशांतूनहि बचावपथकें आलीं. आंजेलो गाल्वान नांवाचा एक इटालियन बचावकर्ता, ज्याला पुढें लोक "काझियेचा कोल्हा" म्हणूं लागले, तो त्या दोन आठवड्यांत पुनःपुन्हां त्या धुरांत उतरत राहिला. फाटकाबाहेर अफवा उठत: खालच्या मजल्यावर हवेचा एक कोपरा शिल्लक आहे, ठोकल्याचा आवाज आला, कोणी तरी जिवंत आहे. आशा ही अशा वेळीं मोठी निष्ठुर असते.

ही आशा अगदींच निराधार मात्र नव्हती. खालीं एका मुकादमानें फळीवर खडूनें लिहून ठेविलेला निरोप पुढें सांपडला: आपण पन्नासाच्या आसपास आहों, धुरामुळें मागें सरत आहों, आणि सव्वा वाजला आहे, एवढा त्याचा आशय. म्हणजे आग लागल्यानंतर पांच तास तीं माणसें जिवंत होतीं, एकत्र होतीं, आणि त्यांच्या प्रमुखास शोधणाऱ्यांसाठीं वेळ नोंदवून ठेवण्याचें भान होतें. मला ह्या निरोपाचें फार वाटतें. त्यांत तक्रार नाहीं, विलाप नाहीं. आपण कोठें आहों, किती आहों, केव्हांपर्यंत होतों, एवढेंच आहे.

ता. २२ व २३ ऑगस्टच्या मधल्या रात्रीं बचावपथक १०३५ मीटरांच्या तळापर्यंत पोंचलें. वर आल्यावर त्यांतील एकानें इटालियन भाषेंत दोनच शब्द उच्चारले: "तुत्ती कादावेरी", सर्व मृतदेहच. पंधरा दिवस उभें राहिलेलें फाटकापाशींचें ते लोक मग घरोघर गेले.

मृतांची संख्या दोनशें बासष्ट. त्यांत इटालियन १३६, बेल्जियन ९५, पोलिश ८, ग्रीक ६, जर्मन ५, हंगेरियन ३, अल्जीरियन ३, फ्रेंच २, सोव्हिएत देशचे २, आणि इंग्रज व डच प्रत्येकी एक. चारशेंहून अधिक मुलें पोरकीं झालीं. ख्रिस्ताचे, मुहम्मदाचे आणि कोणाचेच नव्हत असे सर्व एकाच वायूनें गेले, आणि वर फाटकाशीं त्यांच्या बायका एकमेकींच्या भाषा न समजतां एकमेकींस धरून उभ्या होत्या. आपल्या विद्वान् मंडळींनीं विश्वबंधुत्वावर पुष्कळ लिहिलें आहे. ह्या बायकांनीं तें एका शब्दानेंहि न लिहितां दाखविलें.

न्यायाची कथा थोडक्यांत सांगतों, कारण ती थोडकीच आहे. पांचजणांवर खटला झाला. १९५९ सालीं खालच्या न्यायालयानें सर्वांस निर्दोष सोडलें. अपिलांत, १९६१ सालीं, एकट्या व्यवस्थापकास सहा महिन्यांची शिक्षा झाली, तीहि तहकूब ठेवलेली, आणि दंड. दोनशें बासष्ट माणसांच्या मृत्यूचा हिशेब तेथें मिटला. इटलीनें आपले मजूर त्या खाणींकडे पाठविणें बंद केलें. मग बेल्जियमनें स्पेनकडे, ग्रीसकडे, आणि पुढें मोरोक्को व तुर्कस्थान यांजकडे माणसें मागितलीं. काझियेची खाण मात्र पुढेंहि चालली. तिच्यांतून कोळसा निघणें १९६७ सालीं थांबलें. बेल्जियमची शेवटची कोळसाखाण १९९२ सालीं बंद झाली.

येथपर्यंतची हकीकत बहुतेक पुस्तकांत मिळते, आणि येथेंच बहुतेक पुस्तकें थांबतात. मला जें सांगावयाचें आहे तें यापुढचें आहे.

खाण बंद झाल्यावर ती जागा ओसाड पडली. विहिरींवरचे लोखंडी मनोरे गंजूं लागले, मातीच्या ढिगाऱ्यांवर झाडें उगवलीं. जागा विकावी, पाडावी, तेथें दुकानें उभारावीं, असे बेत निघाले. जुने खाणमजूर आणि मृतांचीं मुलें आडवीं पडलीं. हीं माणसें फार शिकलेलीं नव्हतीं; पुष्कळांच्या छातींत कोळशाची धूळ भरलेली, चार पायऱ्या चढतांना धाप लागणारी. त्यांनीं अर्ज केले, सभा भरविल्या, आणि दरवर्षीं ऑगस्टच्या आठव्या तारखेस त्याच फाटकाशीं येऊन उभीं राहिलीं. अखेर १९९० सालीं ती जागा संरक्षित ठरली. २००२ सालीं तेथें स्मारक व संग्रहालय उघडलें. आणि २०१२ सालीं युनेस्कोनें वालोनियाच्या इतर तीन खाणींसह तिला जागतिक वारशाच्या यादींत घातलें. इटलीनें २००१ सालीं ८ ऑगस्ट हा दिवस, परदेशीं कष्ट करतां करतां बळी पडलेल्या आपल्या लोकांच्या स्मरणाचा राष्ट्रीय दिवस म्हणून ठरविला.

त्या स्मारकांत एक घंटा आहे. तिचें नांव "मारिया मातेर ओर्फानोरुम", म्हणजे पोरक्यांची माता मरिया. दरवर्षीं ८ ऑगस्टला सकाळीं, ज्या वेळीं आग लागली त्या वेळेस, ती घंटा दोनशें बासष्ट टोले देते. कोणी म्हणेल कीं, एका मिनिटाची शांतता पाळली तर काम भागत नाहीं काय? नाहीं भागत. एका मिनिटांत दोनशें बासष्ट माणसें एकत्र होतात आणि पुन्हां एक आंकडा होतात, तोच करारांतला आंकडा. टोला एकेकाचा असतो. ऐकणारा वृद्ध मनुष्य आपल्या बापाच्या टोल्याची वाट पाहत उभा असतो, आणि तोंपर्यंत इतरांच्या बापांचे टोले ऐकतो.

फाटकाशीं आईचा पदर धरून उभीं राहिलेलीं तीं मुलें आतां पिकलीं आहेत, आणि त्यांच्याबरोबर नातवंडें येतात. त्यांची बोली आतां फ्रेंच; आजीच्या स्वयंपाकघरांतली आब्रुत्सोची बोली थोडीशी कानांत राहिलेली. खाणीसाठीं आलेल्या अशाच एका आब्रुत्सोच्या मजुराचा मुलगा, एलिओ दि रुपो, २०११ सालीं बेल्जियमचा पंतप्रधान झाला. ज्यांस छावणीच्या झोंपड्यांत ठेविलें, त्यांच्या लेंकराच्या हातीं देशाचा कारभार आला, हें वाचून समाधान वाटतें. परंतु फाटकाशीं जमणाऱ्या मंडळींत कांहीं घरें अशीं होतीं कीं, ज्यांचें दुःख ह्या कशानेंहि हलकें होत नव्हतें. सतरा प्रेतांची ओळख पटली नव्हती. मार्सिनेलच्या दफनभूमींत त्यांच्या कबरींवर नांवाऐवजीं "अज्ञात" असें होतें. सतरा घरांस ठाऊक होतें कीं, आपला माणूस ह्यांतच कोठें तरी आहे. पण फूल कोणत्या कबरीवर ठेवावें, हें ठाऊक नव्हतें.

ह्या मुलांनीं पासष्ट वर्षांनंतरहि तें सोडून दिलें नाहीं. स्वतः सत्तरी ओलांडलेलीं तीं माणसें सरकारदरबारीं खेटे घालीत राहिलीं. अखेर ऑक्टोबर २०२१ मध्यें त्या अज्ञात कबरी उघडण्यांत आल्या; अस्थींतून डी.एन.ए. काढण्यांत आलें, आणि तें मृतांच्या मुलांशीं व इतर नातलगांशीं ताडून पाहण्यांत आलें. आजच्या शास्त्राची ही एक थोरवीच म्हणावयाची: मुलाच्या देहांत बापाची जी खूण देवानें ठेविली आहे, तिच्याच साह्यानें मुलानें बापाचें नांव शोधून काढावें. २०२३ सालीं दोघांचीं नांवें निश्चित झालीं, एक इटालियन आणि एक बेल्जियन. दोनच! सतरांपैकीं दोन म्हणजे थोडेच, असें म्हणणारे भेटतात. ज्या घरांत सदुसष्ट वर्षांनीं कबरीवर नांव लागलें, त्या घरास विचारावें.

धर्मगुरु या नात्यानें येथें एक गोष्ट सांगावीशी वाटते. मिस्साबलिदानाची जी अतिप्राचीन रोमन प्रार्थना आहे, तींत पवित्रीकरणानंतर मृतांचें स्मरण येतें. तेथें छापील पुस्तकांत एक जागा मोकळी सोडलेली असते. धर्मगुरूनें हात जोडून क्षणभर थांबावयाचें आणि ज्यांच्यासाठीं प्रार्थना करावयाची त्यांचीं नांवें मनांत घ्यावयाचीं. सेमिनरींत शिकत असतांना आम्हांस ती जागा कोठें येते हें पाठ करविलें होतें. ती मोकळी कां आहे, याचा विचार मीं फार उशिरा केला. ख्रिस्तसभेनें आपल्या सर्वांत पवित्र प्रार्थनेंत बहुतेक शब्द ठरवून दिले, आणि ही जागा भरण्याचें काम गांवोगांवच्या धर्मगुरूंवर सोंपविलें. कारण तीं नांवें रोमला ठाऊक असणें शक्यच नाहीं. तीं गांवासच ठाऊक असतात.

आपल्या देशांतहि अशा जागा आहेत. धनबादजवळच्या चासनाला येथील खाणींत ता. २७ डिसेंबर १९७५ रोजीं, नाताळचा सण होऊन दोनच दिवस झाले असतां, शेजारच्या जुन्या बंद पडलेल्या खाणीचें पाणी फुटून आंत शिरलें, आणि साडेतीनशेंहून अधिक मजूर बुडाले. तेथेंहि दरवर्षीं त्या तारखेस मृतांचे नातलग स्मारकापाशीं जमतात. आपल्या महाराष्ट्राच्या चंद्रपूर आणि वणी भागांतल्या खाणींत उतरणाऱ्यांचीं मुलें आज आपल्या शाळांतून शिकत आहेत. आपल्या किनाऱ्यावरच्या धर्मग्रामांतून मात्र कोणी खाणींत गेला नाहीं. आपले लोक जहाजांवर गेले, आखातांत गेले, तेथील तेलाच्या व बांधकामाच्या कामांवर गेले. करारांचे कागद निराळे, जाहिरातींचे रंग निराळे. परत आलेल्यांचीं घरें आपण पाहतों, तीं दुमजली आहेत, आणि त्याबद्दल देवाचे आभार मानतों. जे परत आले नाहींत, त्यांचीं घरेंहि ह्याच गल्ल्यांत आहेत. कांहींचीं प्रेतें येतांना महिने लागले. कांहींचीं आलींच नाहींत. आणि कांहींची तर वार्ता तारेनें किंवा टेलिफोनवर एका वाक्यांत आली, आणि पुढें कोणी कांहीं विचारलेंहि नाहीं, कारण विचारावें कोणास हेंच ठाऊक नव्हतें.

यास्तव धर्मग्रामाच्या मंडळाशीं विचारविनिमय करून आम्हीं असें योजिलें आहे कीं, महोत्सवाच्या ह्या वर्षीं, ता. २ नोव्हेंबर रोजीं, सर्व मृत भाविकांच्या स्मरणाच्या दिवशीं, सकाळच्या मिस्सापूर्वीं घंटाघराची घंटा एकेक टोला देईल, आणि परमुलुखांत वा समुद्रावर मेलेल्या आपल्या प्रत्येक माणसाचें नांव वेदीवरून वाचलें जाईल. जितकीं नांवें तितके टोले. वेळ लागेल, तरी लागूं द्यावा.

ह्यासाठीं नोंदवहींतील नांवें मीं उतरून काढलीं आहेत. पण तीं पुरतीं नाहींत हें मला ठाऊक आहे. ज्यांच्या घरचा माणूस असा बाहेर गेला व तेथेंच राहिला, त्यांनीं त्याचें नांव, बापाचें नांव, घराणें आणि ठाऊक असल्यास गांव किंवा जहाज, एवढें कागदावर लिहून ऑक्टोबर अखेरपर्यंत पाद्रीखान्यांत आणून द्यावें. बाप्तिस्म्याचें पूर्ण नांव आठवत नसेल तर घरीं हांक मारावयाचें नांव चालेल. वर्ष नक्की नसेल तर पावसाळा होता कीं उन्हाळा, एवढें लिहिलें तरी वहींत शोधतां येतें. वृद्ध आजीबाईंना लिहितां येत नसेल, तर संध्याकाळच्या जपमाळेनंतर मी मंदिरांतच थांबतों. त्यांनीं येऊन तोंडीं सांगावें. आणि पेन्सिलीचें तें प्रश्नचिन्ह ज्या नोंदीपुढें आहे, त्या घराण्याचें कोणी आज गांवांत असेल, तर त्यांनीं मला अवश्य भेटावें. पान मीं खूण घालून ठेविलें आहे.